आषाढी ते पोळा : जाड ऐतिहासिक रहस्यकादंबरी वाचायची कशी

आमच्या गावच्या वाचनालयात मागच्या आठवड्यात शेजारची सून आली होती. बारावी झालेली, दिवाळी अंक आवडीनं वाचणारी. कपाटातून तिनं एक जाड ऐतिहासिक रहस्यकादंबरी काढली, शेवटचं पान उलटून आकडा पाहिला आणि पुस्तक होतं तिथं परत ठेवून दिलं. सहाशे बारा पानं. "एवढं कोन वाचन वं काकू? पराटी निंदाची हाये अजून."

मी तिला विचारलं, "तुमच्या घरी चातुर्मासात पोथी लावतात ना?"

"हाव, मामाजी लावतात."

"ती किती पानांची आहे?"

तिला सांगता आलं नाही. पोथीची पानं कोणी मोजत नाही. संध्याकाळी दिवा लागला की मामाजी, म्हणजे तिचे सासरे, बसतात, एक अध्याय होतो, पोथी फडक्यात गुंडाळून ठेवतात आणि चार महिन्यांत एवढा मोठा ग्रंथ घरातल्या सगळ्यांच्या कानावरून जातो. जाड कादंबरी वाचायची पद्धत आपल्या घराला माहीत आहेच, फक्त ती कादंबरीसाठी कोणी वापरत नाही. मी गेली दहा-बारा वर्षं वापरते आहे. तिला तिथं उभ्या उभ्या जे सांगितलं, ते इथं सविस्तर लिहिते.

पुस्तक निवडताना

या प्रकारच्या कादंबऱ्या दोन वळणाच्या असतात. एकीत सगळी गोष्टच जुन्या काळात घडते. खून तेव्हाचा, शोधणारा तेव्हाचा, बोलणं-चालणंही तेव्हाचंच. दुसरीत आजची माणसं जुन्या काळातलं एखादं गुपित शोधतात, कागद चाळतात, किल्ले पालथे घालतात. पहिल्यांदाच वाचणार असाल तर दुसऱ्या वळणाची घ्या. आजचं पात्र तुमच्याइतकंच अजाण असतं. त्याला कोणीतरी इतिहास समजावून सांगतं आणि आपोआप आपल्यालाही समजतो. मुरलीधर खैरनार यांची 'शोध' अशी आहे. शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये सुरतेवर दुसऱ्यांदा छापा घातला, त्या लुटीतल्या खजिन्याचा माग आजची माणसं काढतात. आपल्या भागातल्या वाचकाला त्यात एक जास्तीची ओढ असते. त्याच वर्षाच्या अखेरीस मराठ्यांची फौज वऱ्हाडात उतरली होती आणि आपल्या वाशीम जिल्ह्यातलं कारंजा लुटलं गेलं होतं. ज्या कारंज्याला आपण गुरुमंदिराच्या दर्शनाला जातो, ते तेव्हा लुटण्याइतकं श्रीमंत होतं, हे कळल्यावर त्या गावाच्या जुन्या गल्ल्यांकडे मी वेगळ्या नजरेनं पाहू लागले.

पुस्तक हातात घेतल्यावर नकाशा, वंशावळ किंवा पात्रांची यादी आहे का ते बघा. असेल तर निम्मं ओझं उतरलं. मग मधलंच एखादं पान उघडून दोन परिच्छेद मनात न वाचता ओठांनी वाचा. जीभ अडखळत असेल तर ते पुस्तक दुसऱ्या वर्षीसाठी ठेवा.

एक सावधगिरी. आपल्याकडे पुस्तकाच्या सुरुवातीला कोणातरी मान्यवरांची प्रस्तावना असते आणि कथानक उलगडून दाखवल्याशिवाय ती पुढे जात नाही. कादंबरी संपेपर्यंत प्रस्तावना वाचू नका. मागच्या कव्हरावरचा मजकूरही नको. लेखकाचं मनोगत मात्र चाळायला हरकत नाही. त्यात बहुतेक वेळा काळ आणि साधनं एवढंच सांगितलेलं असतं. खुनाचा उल्लेख आला की तिथंच थांबा.

वेळ ठरवा, पानं ठरवा

आषाढी एकादशीपासून पोळ्यापर्यंत साधारण पन्नास दिवस होतात. रोज बारा पानं धरली तर सहाशे होतात. मी हे गणित पहिल्या वर्षी वहीच्या मागच्या पानावर केलं आणि माझी भीतीच गेली. पेरणी आटोपलेली असते, दिवसा डवरणी-निंदण चालू असलं तरी रात्र आपली असते. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, होऊन कापूस वेचणीला लागला की मग दिवाळी कधी आली तेही कळत नाही, त्या दिवसांत नवं जाड पुस्तक उघडू नका. संत्र्याचा बगीचा असलेल्यांनी आपला बहार पाहून ठरवावं. रात्रीच्या लाइटीवर ओलीत करणाऱ्यांना हिवाळा सोयीचा पडतो. आमचे हे बोडीवर, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यावर, मोटार लावली की पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात जाईपर्यंत टॉर्चच्या उजेडात दहा-दहा पानं वाचतात.

बारा पानं म्हणजे बाराच. एखाद्या रात्री गोष्ट रंगली म्हणून साठ वाचली, तर दुसऱ्या दिवशी डोकं जड होतं आणि मग चार दिवस पुस्तक उघडत नाही. रंगलेल्या जागी थांबण्यात एक फायदा आहे. दुसऱ्या दिवशी निंदताना ते डोक्यात घोळत राहतं, आणि रहस्यकथेचं खरं वाचन असं घोळण्यातच होतं. कोण कुठं होता, कोणाला काय ठाऊक होतं, हे मला पुस्तक हातात असताना फारसं सुचलेलं नाही. पिकाच्या तासात वाकून तण उपटताना सुचलं आहे.

वाचनालयाचं पुस्तक असेल तर घेतानाच सांगून ठेवा की मला दोन महिने लागतील, मधे नोंद वाढवून द्या. आमच्यासारख्या ड वर्गाच्या छोट्या वाचनालयात जाड पुस्तकाला रांग नसते, ग्रंथपाल नाही म्हणत नाहीत.

जाड पुस्तक हातात धरून वाचलं की मनगट दुखतं. पाटावर ठेवा.

वही

शंभर पानी वही पुरते. डाव्या पानावर माणसं लिहा, उजव्या पानावर शंका.

नवख्या वाचकाचा सगळ्यात मोठा घोटाळा नावांमध्ये होतो. दहा राव, सात पंत, पाच जी. त्यातून आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत. नागपूरकर भोसल्यांमध्येच तीन रघूजी आहेत. पहिले १७५५ मध्ये वारले, दुसरे १८१६ मध्ये, तिसरे १८५३ मध्ये. कादंबरीत नुसतं 'रघूजीराजे' आलं आणि साल नजरेतून सुटलं, तर तुम्ही शंभर वर्षं चुकता. म्हणून नाव लिहिताना आधी माणसाचं काम लिहा आणि मग नाव. फडणीस म्हणजे हिशेब पाहणारा. चिटणीस पत्रव्यवहार सांभाळणारा. पोतनीस खजिन्यावरचा. जासूद पत्रं पोचवणारा. गावात देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी. यातले बरेच शब्द आज आडनावं झाले आहेत, त्यामुळे ते वाचताना आपल्याला माणूस दिसतो, हुद्दा दिसत नाही. जुन्या काळच्या रहस्यात हुद्दाच बोलतो. खजिन्याची किल्ली कोणाकडे, पत्र आधी कोणाच्या डोळ्याखालून जाणार, रात्री वाड्याचा दिंडीदरवाजा कोणाच्या सांगण्यावरून उघडणार, हे सगळं हुद्द्यावरून ठरतं.

उजव्या पानावर शंका लिहायच्या त्या एका ओळीत, पान क्रमांकासह. "पान ८८ : हा दोन दिवस कुठं होता?" "पान १०३ : पानदानाचं एवढं वर्णन कशाला?" लेखक एखाद्या वस्तूवर गरजेपेक्षा जास्त रेंगाळला, किंवा एखादी साधी गोष्ट दोनदा सांगितली, की लिहून ठेवा. त्यातल्या निम्म्या शंका फोल निघतील. निघू द्या.

हे सगळं वहीतच, पुस्तकात नाही. मी एकदा वाचनालयातून आणलेल्या कादंबरीत साठाव्या पानावर कोणीतरी पेन्सिलीनं एका नावाखाली रेघ मारून 'हाच' असं लिहिलेलं होतं. पुढची चारशे पानं मी त्या बिचाऱ्या कारकुनाकडे खुनी म्हणूनच पाहत होते. तो नव्हता. लिहिणाऱ्याचा अंदाज चुकला होता, पण माझं त्या पुस्तकाचं पहिलं वाचन गेलं ते गेलंच. पहिलं वाचन एकदाच मिळतं, ते कोणाचं घालवू नका.

पहिली शंभर पानं

इथंच बहुतेकांचं पुस्तक सुटतं. वाड्याचं वर्णन, घराण्याचा इतिहास, कोणत्या सुभ्यात कोणाचा अंमल आणि खून काही होत नाही. मला विचारतात, ही पानं गाळली तर चालतील का? नाही चालणार.

उंबेर्तो इको या इटालियन लेखकाची 'द नेम ऑफ द रोझ' १९८० मध्ये आली. १३२७ सालचा एक ख्रिस्ती मठ, सात दिवस आणि एकामागून एक मृत्यू. प्रत्येक दिवस मठातल्या प्रार्थनांच्या वेळांप्रमाणे भागलेला. इकोंना मित्रांनी आणि संपादकांनी सुचवलं होतं की सुरुवातीची शंभर पानं फार जड आहेत, कमी करा. त्यांनी ऐकलं नाही. ज्याला मठात सात दिवस राहायचं आहे त्यानं मठाची चाल मान्य केली पाहिजे, असं त्यांनी नंतर लिहिलं. मी ती कादंबरी इंग्रजीत, शब्दकोश शेजारी ठेवून, दोन पावसाळ्यांत वाचली. पहिल्या पावसाळ्यात शंभराव्या पानाशी अडकले होते. दुसऱ्या वर्षी त्यांचं म्हणणं पटलं, कारण तोवर मला महानुभावांचं तीर्थ रिद्धपूर आठवलं होतं. आमच्याकडून जवळच आहे. तिथं यात्रेला गेलेला माणूस पहिल्या दिवशी नुसता गोंधळतो. कोणतं स्थान कोणतं, कुठं नमस्कार, कुठं पुढे व्हायचं, काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी पाय आपोआप वळतात. शंभर पानं म्हणजे तो पहिला दिवस.

या पानांपुरतं एक करा. समजलं नाही तरी बारा पानांचा नेम मोडू नका आणि खून कधी होणार याची वाट पाहू नका. फक्त जागा लक्षात ठेवा. विहीर वाड्याच्या कोणत्या बाजूला, जिना कुठं, कोणाची खोली कोणाच्या खोलीला लागून. वहीत वाड्याचा नकाशा काढा, मोडकातोडका चालेल. जमीन-जागेचा नकाशा आपल्या लोकांना काढता येतो, धुऱ्यावरून भांडणं झालेली असतात.

सन, तिथी, घटका

जुन्या काळच्या रहस्यात घड्याळ नसतं, तारीख आपल्या ओळखीची नसते. नवा वाचक असे आकडे सोडून पुढे जातो, आणि बऱ्याच वेळा नेमका दुवा तिथंच असतो.

शके दिसलं तर त्यात ७८ मिळवा, इसवी सन येतो. जानेवारी ते गुढीपाडवा या काळातली तारीख असेल तर ७९. निजामाच्या अमलातल्या वऱ्हाडात फसली सन चाले, त्यात ५९० मिळवायचे, जानेवारीपासूनच्या महिन्यांसाठी ५९१. मराठी दफ्तरात आणखी एक सन भेटतो, शुहूर सन, आणि तो अरबी शब्दांत लिहिलेला असतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' असं वाचलं की घाबरायला होतं. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. बेरीज ११६१. त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. ११६१ आणि ६०० म्हणजे १७६१. जानेवारी १७६१, पानिपत.

मृगापासून का, तर हे वर्षच मृग नक्षत्र लागलं की सुरू होई, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. सारा पिकावर बसायचा, तर कारभाराचं वर्षही पेरणीपासूनच मोजलेलं बरं. शहरातल्या वाचकाला हे पाठ करावं लागतं. आपल्याकडे मृग कधी लागतो हे शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक असतं.

वेळेचं सोपं आहे. दिवसरात्रीचे आठ प्रहर, एक प्रहर तीन तासांचा. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे अडीच घटकांचा एक तास. 'रात्रीच्या दुसऱ्या प्रहरी' असं आलं की सूर्य मावळल्यापासून तीन ते सहा तासांच्या मधली वेळ समजा, साधारण नऊ ते बारा. अंतर कोसांत असतं, कोस तीन किलोमीटरच्या आसपासचा.

तिथीचं मात्र जरा थांबून सांगते, कारण ते मला आमच्या सासूबाईंनी शिकवलं.

मोठ्यानं वाचा

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांना वाचता येत नाही. तीन वर्षांपूर्वी श्रावणात त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, टीव्ही पाहायचा नव्हता, म्हणून मी कादंबरी मोठ्यानं वाचू लागले. पेशवाईच्या शेवटच्या काळातली गोष्ट. कमाविसदार, म्हणजे सारा वसूल करणारा अधिकारी, विहिरीत मेलेला सापडतो आणि त्या रात्री कोण कुठं होतं याच्या जबान्या सुरू होतात. बाहेर टिनावर पाऊस वाजत होता, आत्याबाई मांडीवर कापूस घेऊन चाचपून चाचपून वाती वळत होत्या. मी पहारेकऱ्याची जबानी वाचली. वद्य अष्टमीचा दिवस, दिवेलागण होऊन घटकाभर झाली होती, चांदण्यात त्यानं कारकुनाला घोड्यावरून जाताना ओळखलं. मी पुढच्या ओळीवर गेले.

आत्याबाईंचा हात थांबला. "थांब वं. कोन्ती तिथी म्हटली?"

"वद्य अष्टमी."

"मंग चांदनं कुठून आलं? चवथीले चंद्र पाहासाठी नऊ वाजेलोक उपाशी बसतो आपन. अष्टमीले तं अर्धी रात होते."

मी मागचं वाक्य पुन्हा वाचलं. त्यांचं बरोबर होतं. पौर्णिमेला चंद्र सूर्य मावळताना उगवतो आणि पुढे रोज साधारण दोन घटका उशिरा. संकष्टीला नऊच्या सुमाराला दिसतो, अष्टमीला मध्यरात्रीकडे. पहारेकरी खोटं बोलत होता. हे त्या कादंबरीतल्या शोध घेणाऱ्या शास्त्रीबुवांना तीनशे पानांनंतर उमगलं. आत्याबाईंनी वाती वळता वळता, डोळ्याला हिरवी पट्टी असताना ओळखलं, कारण त्या पन्नास वर्षं दर महिन्याला त्या चंद्राची वाट पाहत आल्या आहेत.

त्या दिवसापासून मी अशी कादंबरी एकटी वाचत नाही. घरात जो ऐकेल त्याला ऐकवते. आमचे मामाजी ऐकतात तेव्हा त्यांचं लक्ष वाटेवर असतं. भरलेली बंडी एका दिवसात पाच-सहा कोसांपलीकडे जात नाही, मग हा माणूस बाजारचा माल घेऊन रातोरात एवढा लांब पोचला कसा, असं त्यांनी एकदा विचारलं आणि उजव्या पानावर एक ओळ वाढली. ह्यांना पाण्याचं कळतं. विहिरीला कोणत्या महिन्यात किती हात पाणी असेल, यावरून एक प्रेत किती दिवस दिसलं नसेल याचा अंदाज त्यांनी बांधला होता. तो चुकला, पण त्या रात्री जेवणं थंड झाली तरी कोणी उठलं नाही.

तुमच्या घरात असं ऐकणारं कोणी नसेल तर शेजारी विचारा. नेम पोथीसारखाच ठेवा. एकच वेळ, एकच जागा, बारा पानं. वाचणाऱ्यानं एक पथ्य पाळायचं, पुढचं चोरून वाचायचं नाही. वाचणाऱ्याला माहीत असलं की आवाजात येतं, आणि ऐकणारी माणसं आवाज बरोबर ओळखतात.

मोठ्यानं वाचण्याचा आणखी एक फायदा जुन्या भाषेत आहे. 'साहेबी', 'विल्हे लावणे', 'पारिपत्य', 'मसलत' असे शब्द डोळ्यांना परके वाटतात. कानाला मात्र ते जुन्या माणसांच्या बोलण्यात कधीतरी ऐकलेले असतात. शब्दकोशाआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा.

पत्रं, शिक्के, लिप्या

जुन्या काळच्या रहस्यात पत्र हा मोठा पुरावा. ते वाचताना तीन गोष्टी पाहायच्या. कोणी लिहिलं, कोणी लिहवून घेतलं आणि शेवट कसा केला. कारकून लिही, मालक सांगे, त्यामुळे अक्षर एकाचं आणि शब्द दुसऱ्याचे असू शकतात. राजपत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपला तिथं मोर्तब असे, म्हणजे खाली कोणी चार ओळी घुसडू नयेत. आपण रोज 'शिक्कामोर्तब' म्हणतो ते हेच. कादंबरीत लेखकानं पत्राचं वर्णन करताना मोर्तबाचा उल्लेख टाळला असेल तर वहीत लिहा.

मजकूर मोडीत असे. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं नाही. त्यामुळे एकाच ओळीचे दोन अर्थ लागणं सहज शक्य आहे आणि लेखक त्याचा उपयोग करतात.

सांकेतिक लिपी आली तर कादंबरी खोटी वाटू लागते, 'असं कोण लिहीत होतं?' असं मनात येतं. लिहीत होते, आणि आपल्याच भागातलं ते प्रकरण आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा गुप्त लिप्यांमध्ये लिहून ठेवले. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा चिन्ह, आणि किल्ली फक्त पंथातल्यांकडे. शेकडो वर्षं हे वाङ्मय मठांमध्ये असूनही बाहेरच्यांना वाचता येत नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली आणि मराठीचा एवढा मोठा जुना ठेवा उजेडात यायला लागला. त्याआधीची गोष्ट तर याहून विलक्षण. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात रिद्धपुरात चक्रधरस्वामींच्या लीळा जमवून लिहिल्या. ती मूळ पोथी पुढे धामधुमीत हरवली. मग ज्यांना पाठ होतं त्यांच्याकडून ती पुन्हा उभी केली गेली, म्हणून लीळाचरित्राचे वेगवेगळे पाठ आहेत. हरवलेली पोथी, गुप्त लिपी, एकमेकांशी न जुळणाऱ्या आठवणी. रहस्यकादंबरीला लागतं ते सगळं मोर्शी तालुक्यात घडून गेलं आहे. सांकेतिक लिपीचं पान आलं की मी आता ते घाईनं उलटत नाही. वहीत ती चिन्हं उतरवून घेते आणि सगळ्यात जास्त वेळा आलेलं चिन्ह कोणतं ते मोजते.

खरं किती, रचलेलं किती

हा प्रश्न वाचताना सतत टोचतो. माझा सल्ला असा की कादंबरी संपेपर्यंत त्याच्या मागे लागू नका. वहीच्या शेवटी एक पान राखून ठेवा आणि तिथं प्रश्न लिहीत चला, उत्तरं नंतर शोधा.

नंतर शोधताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिका. नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ ला खून झाला, ही नोंदलेली घटना. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी धरलं, हेही इतिहासात आहे. 'धरावे'चं 'मारावे' कोणी केलं, ध चा मा, ही लोकांच्या तोंडी चालत आलेली गोष्ट. आणि त्या रात्री शनिवारवाड्यातल्या एखाद्या दासीनं काय पाहिलं, हे कादंबरीकारानं रचलेलं. तिन्हींची किंमत वेगळी, पण चांगला कादंबरीकार तिन्ही असे विणतो की शिवण दिसत नाही. ती शिवण नंतर हातानं चाचपून पाहण्यात मला कादंबरीइतकाच आनंद मिळतो.

कधी कधी नोंदलेली गोष्टच इतकी अर्धवट असते की कादंबरी मागे पडावी. दुसरे रघूजी १८१६ मध्ये वारले, मुलगा परसोजी गादीवर आला. तो अधू होता, कारभार चुलतभाऊ आप्पासाहेबांकडे. १८१७ च्या फेब्रुवारीत परसोजी अंथरुणात मृत सापडले. पुढे इंग्रजांनी आप्पासाहेबांवर खुनाचा ठपका ठेवला, पण तोवर सीताबर्डीची लढाई झाली होती आणि ठपका ठेवणाऱ्यांना नागपूरवर आपला ताबा हवा होता. आप्पासाहेबांना कैद करून अलाहाबादकडे नेत असताना १८१८ मध्ये जबलपूरजवळून ते शिपायाच्या वेशात निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला राहिले आणि शेवटी १८४० मध्ये जोधपूरला वारले. परसोजींच्या मृत्यूविषयी कोणी काय म्हटलं हे वाचताना पहिला प्रश्न तोच विचारायचा, जो कादंबरीतल्या पहारेकऱ्याला विचारायचा होता : असं सांगण्यात याचा फायदा काय?

जमलं तर जागा पाहून या

लढाई किंवा वेढ्याची पानं वाचून डोळ्यापुढे काही येत नसेल तर जवळचा एखादा किल्ला पायी फिरा. चिखलदऱ्याला सगळेच जातात, पण बरेच जण पॉइंट पाहून परततात. गाविलगडाच्या तटावर उभं राहून दक्षिणेकडे खाली पाहिलं की इथून कोणी चढून येणार नाही हे कळतं. मग इंग्रजांची फौज डिसेंबर १८०३ मध्ये तोफा ओढत डोंगराला वळसा घालून उत्तरेकडून का आली, याचं उत्तर पुस्तकात शोधावं लागत नाही. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडले. गड १५ डिसेंबरला पडला. त्यानंतर वाचलेल्या कोणत्याही कादंबरीतला तट, चोरवाट, दरवाज्याचं वळण मला हातानं चाचपल्यासारखं दिसतं.

शेवटची पन्नास पानं

इथं आल्यावर दोन दिवस वाचन थांबवा. वही उघडा आणि उजवीकडच्या सगळ्या शंका घरच्यांना वाचून दाखवा. प्रत्येकानं एक नाव सांगायचं आणि कारण सांगायचं. नुसतं नाव चालणार नाही. आमच्याकडे हे पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीच्या रात्री होतं. मग उरलेली पानं एकाच बैठकीत. इथं बाराचा नेम मोडायला परवानगी आहे.

शेवट पटला नाही तर लेखकावर रागावण्याआधी वहीतली पानं पुन्हा पाहा. त्यानं दुवा दिला होता आणि आपण सोडला, की दिलाच नव्हता? दिला नसेल तर राग योग्य आहे. त्या लेखकाचं पुढचं पुस्तक हातात घेताना ते लक्षात ठेवा.

आणि पुस्तक लगेच परत करू नका. पहिली चाळीस पानं पुन्हा वाचा, तीच, जी तेव्हा जड गेली होती. आता प्रत्येक माणूस काय लपवून बोलतो आहे ते तुम्हाला माहीत असतं. त्या कमाविसदाराच्या गोष्टीचा पहिला अध्याय मी पोळ्यानंतर पुन्हा वाचला तेव्हा आत्याबाईंच्या डोळ्याची पट्टी निघालेली होती. पहारेकरी पहिल्याच पानावर दिंडीदरवाज्याशी उभा आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो आहे की हल्ली त्याला रात्रीचं नीट दिसत नाही. वाचताना मी ते वाक्य सोडलं होतं. आत्याबाई म्हणाल्या, "पाह्य. तवाच सांगतलं होतं त्यानं."